माणसं आजची, आकडा 2011चा

वाडीला रस्ता मागायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: लोकसंख्या किती? आणि ती आम्ही सांगून चालत नाही, 2011च्या जनगणनेतच बघायची. 2021ची जनगणना झालीच नाही, आता ती 2027ची म्हणून होतेय. 2011नंतर जन्मलेली पोरं दहावीला आली, कागदावर मात्र त्यांचा पत्ताच नाही!

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून रस्ता मिळायला सपाटीवर 500 माणसांची वस्ती लागते, डोंगरी-आदिवासी भागात 250. चौथा टप्पा 2024 साली मंजूर झाला, तोही 2011च्याच आकड्यांवर. मग 230 माणसांच्या पाड्यावर बाईला कळा सुरू झाल्या तर तिने काय करायचं? झोळीत घालून, चौघांच्या खांद्यावरून, गुडघाभर चिखलातून फाट्यापर्यंत आणतात तिला. अजूनही.

एसटीच्या गाडीचं तर विचारूच नका. म्हणे प्रवासी नाहीत, फेरी परवडत नाही. अहो, शाळा भरल्यावर फाट्यावर येणाऱ्या गाडीत पोरं बसतील कशाला? लोक नाइलाजाने वडापने, म्हणजे खासगी जीपने जातात, आणि तेच कारण दाखवून फेरी बंद. बायकांना 2023पासून निम्मं तिकीट झालं, फार चांगलं झालं, पण गाडीच नाही तर त्या जीपला पूर्ण पैसे मोजतात, तेही मागच्या फळीवर उभ्या राहून.

माणसंच मोजायची ना? मतदारयादी आहे, अंगणवाडीत नोंद आहे, आशाताईच्या वहीत घर न् घर आहे. ते बघा आणि रस्ता द्या.