मुलांच्या अंगावरचा ऑपरेशनचा वण आणि आपण मोठी माणसं

लहान मुलीच्या अंगावर ऑपरेशनचा वण दिसला की आपल्याकडे आधी "अगं बाई गं!" होतं आणि पाठोपाठ लग्नाचा विषय निघतो. तेही त्या मुलीच्या समोर. माझ्या लेकीच्या बाबतीत हे इतकं ऐकलंय की आज सविस्तर लिहितेय.

तिच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतःच भोक होतं. व्हीएसडी म्हणतात त्याला. तान्ही असतानाच ओपन हार्ट सर्जरी झाली, पॅच लावून भोक बंद केलं. आता ती दुसरीत आहे आणि खो-खो खेळते. छातीच्या मधोमध वरून खाली एक फिकट रेघ आहे, आणि तिच्या खाली दोन गोल ठिपके, ऑपरेशननंतर नळ्या घातल्या होत्या त्यांचे. तिच्या भाषेत तो रेल्वेचा रूळ आहे आणि ते ठिपके म्हणजे कल्याण आणि कर्जत. फ्रॉकचा गळा मोठा असला की रुळाचं वरचं टोक दिसतं. मी मुद्दाम बंद गळ्याचे कपडे शोधत नाही. तिला आवडेल तो फ्रॉक.

अशी मुलं कमी नाहीत. दर हजार जन्मांमागे साधारण 8 ते 9 बाळांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. सगळ्यांना ऑपरेशन लागत नाही, पण लागतं त्यांचीही संख्या मोठी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली पालघरमधून सुरू झाला. त्यातून अंगणवाडीत, शाळेत तपासणी होऊन कितीतरी मुलं मोफत ऑपरेशनपर्यंत पोचतात. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंच्या वर्गातही असं एखादं मूल असू शकतं.

वर्गातली मुलं विचारणारच, "हे काय झालंय तुला?" त्यात वाईट काही नाही. त्यांना उत्तर मिळालं की ती खेळायला पळतात. म्हणून उत्तर घरीच तयार असावं, छोटं आणि मुलाच्या तोंडात बसणारं. आमचं असं आहे : "माझ्या हृदयाला भोक होतं, डॉक्टरांनी बुजवलं. आता दुखत नाही, आणि तुला काही होणार नाही." शेवटचा भाग गाळू नका. शिवलं तर आपल्यालाही होईल, ही भीती लहान मुलांना खरंच वाटते. आणि "मला आत्ता सांगायचं नाही" हेही पूर्ण उत्तर आहे, हे तिला माहीत आहे. पाहुण्यांना फ्रॉक खाली करून वण दाखवायला मी तिला कधीच सांगत नाही. शरीर तिचं आहे.

मोठ्यांना मात्र मी तिच्यासमोरच उत्तर देते. "काकू, ऑपरेशन झालंय, ती ठणठणीत आहे." बस. कोणी लग्नाचं काढलं तर स्पष्ट सांगते, या वयाच्या पोरीपुढे हा विषय नको. काहींना राग येतो. येऊ दे. माझं मूल कान देऊन ऐकत असतं आणि आपल्यात काय कमी आहे हे त्या सुरावरून ठरवत असतं.

"मोठी झालीस की जाईल हं" असं मुलाला सांगू नका. वण जात नाही, फिका होतो. सुरुवातीचे काही महिने तो लाल आणि टणक असतो, निवळायला वर्ष-दीड वर्ष जातं. छातीवर तो जाड होण्याचा संभव जास्त, म्हणून जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉन जेल, मालिश, उन्हापासून जपणं, हे सगळं डॉक्टरांना विचारून करावं. लिंबू, टूथपेस्ट असलं काही चोळू नये, कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी. आमच्याकडे आंघोळीनंतर खोबरेल तेल ती स्वतःच्या हाताने लावते. आपल्या वणाला आपणच हात लावायची सवय झाली की त्याचं भय वाटत नाही, असं मला ठामपणे वाटतं. एक्स-रेमध्ये छातीच्या हाडाला बांधलेल्या स्टीलच्या तारा दिसतात, त्या तर तिला भारी आवडतात.

शाळा सुरू होताना वर्गशिक्षिकांना आधी भेटा. पीटीला, पळायला परवानगी आहे का, हे डॉक्टरांकडून लेखी घेऊन द्या. नाहीतर काळजीपोटी मुलाला कडेला बसवून ठेवतात, आणि त्याचं दुःख वणापेक्षा जास्त असतं.

पुढे बाराव्या-तेराव्या वर्षी हा प्रश्न नव्याने उभा राहील, याची मला कल्पना आहे. तेव्हा तिला वण झाकावासा वाटला तर झाकू दे, प्लास्टिक सर्जनला विचारावंसं वाटलं तर मी सोबत जाईन.