मेजर, तुम्ही बसा

आज सकाळी झेंडावंदनाला आमच्या आबांना शाल-श्रीफळ दिलं. फोटो काढले, स्टेटसला लावले. आणि दोन तासांनी ग्रामसभेत त्याच आबांच्या हातातला माईक काढून घेतला.

"मेजर, तुम्ही बसा. तुम्हाला घरपट्टी माफ हाय, हिशेबाचं काय करताय?"

अख्खी सभा हसली. (आबा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले. पण आमच्या साताऱ्याकडं पेन्शनीत आलेला प्रत्येक जण मेजरच.) विचारलं काय होतं? पाण्याच्या टाकीचं बिल निघालंय, टाकी कुठं आहे. एवढंच. आणि सभा म्हणजे तरी काय, गणपूर्तीला शंभर डोकी लागतात, समोर चाळीस. बाकीच्यांच्या सह्या पेढे वाटतानाच घेतलेल्या!

हे हसणं माझ्या ओळखीचं आहे. आबा १९८६ ला घरी आले, सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी झाले आणि ३८ व्या वर्षी साताऱ्याला एफवायबीएच्या वर्गात जाऊन बसले. रात्री साखर कारखान्याच्या गेटवर ड्युटी, सकाळी पहिल्या एसटीनं कॉलेज. मी तेव्हा चौथीत. एकदा सर पंचायतराज शिकवत होते. आबा बाकावरून उठले, सावधानमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "सर, ग्रामसभेत आपल्याला हिशेब मागता येतो का?" पोरं फिदीफिदी हसली. सर आबांपेक्षा वयानं लहान. पण ते हसले नाहीत. म्हणाले, "येतो."

त्या एका 'येतो'वर हा माणूस पस्तीस वर्षं प्रत्येक ग्रामसभेला जातोय. इस्त्रीचा शर्ट घालून, वही घेऊन.

मान्य, आबा एकदा बोलायला लागले की आवरत नाहीत. चहाच्या टपरीवरसुद्धा लाइन लावायला लावतात. म्हणून माईक काढून घ्यायचा? शाल पांघरायला फौजी पाहिजे, आणि तोंड उघडलं की नको?

१९७१ च्या लढाईत, डिसेंबरात, आबा तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात जमालपूरला होते. त्यांची बटालियन १ मराठा, म्हणजे जंगी पलटण. त्यांच्या ब्रिगेडच्या कमांडरनी, क्लेर साहेबांनी, समोरच्या पाकिस्तानी कर्नलला 'शरण या' अशी चिठ्ठी धाडली, तर उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून आली. टाकीबद्दल आबांनी ग्रामपंचायतीला तीन अर्ज दिलेत. तिसऱ्यानंतर म्हणाले होते, "त्या कर्नलनं निदान उत्तर तरी दिलं."

मी आज भांडायलाच उठले होते. आबांनी हात धरून खाली बसवलं. घरी येताना एक शब्द नाही. मला वाटलं, खचले. वर्गात पोरं हसली त्या दिवशीही असेच गप्प घरी आले असतील का? कधी विचारलंच नाही मी.

आल्यावर शालीची घडी घातली, ट्रंकेत टाकली. आत अशा आठ आहेत. मग चष्मा लावून कार्बन शोधायला लागले. झेरॉक्सवर त्यांचा विश्वास नाही.

चौथा अर्ज लिहून झालाय. उद्या पोच घ्यायला मी जातेय. शिक्का मारेपर्यंत तिथून हलणार नाही.