'अहो बाई' आणि 'डेटा इज' : एका प्रतिक्रियेला उत्तर

इंग्रजीतल्या लॅटिन वळणाच्या अनेकवचनांवर मी मागच्या आठवड्यात लिहिलं, त्यात 'डेटा इज' हे इंग्रजीत चूक नाही असं म्हटलं होतं. त्याखाली एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. नाव नाही, नुसतं 'एक वाचक'. लहानच आहे, म्हणून पूर्ण देते:

"अहो बाई, डेटा हे अनेकवचन आहे आणि डेटम एकवचन. हा लॅटिनचा नियम आहे, त्यात मतमतांतराला जागा नाही. ज्यांना लॅटिनचा गंध नाही त्यांनी निदान शब्दकोश उघडावा. क्रायटेरिया लॅटिन नव्हे, ग्रीक आहे. असलं वाचून मुलं 'डेटा इज' लिहितात आणि परीक्षेत गुण घालवतात. या लेखामागचा अजेंडा काय, ते कळत नाही."

आधी 'अहो बाई'बद्दल. अठ्ठावीस वर्षं मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. 'बाई' या हाकेला मी आजही बाजारात मागे वळून बघते, कारण ती हाक बहुधा एखाद्या जुन्या विद्यार्थ्याची असते. त्या शब्दाइतका मान मला दुसऱ्या कुठल्या शब्दानं दिलेला नाही. 'अहो बाई' ही वेगळी गोष्ट आहे. रांगेत मधे घुसणाऱ्या बाईला असं म्हणतात. आपल्याला लेख पटला नसेल तर तसं सांगायला शंभर चांगल्या तऱ्हा होत्या.

क्रायटेरियाचं आपलं म्हणणं बरोबर आहे. तो शब्द ग्रीकमधून आलेला आहे, मी तो लॅटिनच्या यादीत घातला ही माझी चूक. काल रात्रीच ती ओळ बदलली. आपण लक्षात आणून दिलंत, आभारी आहे.

पण ग्रीकचं नाव आपणच काढलंत, तर तेवढ्यावर थांबू नका. प्राचीन ग्रीकमध्ये, विशेषतः अथेन्सच्या बोलीत, नपुंसकलिंगी अनेकवचनी कर्ता असला की क्रियापद एकवचनी येतं. ग्रीक व्याकरणाच्या सुरुवातीच्या धड्यांतच हा नियम असतो. म्हणजे शब्द जिथून आला तिथलं व्याकरण इंग्रजीत पाळायचं, हा आपला आग्रह धरला तर 'क्रायटेरिया इज' लिहावं लागेल. आपण लिहाल? मी लिहिणार नाही. माझ्या विद्यार्थ्यानं लिहिलं तर लाल शाईनं खोडेन. इंग्रजीत 'क्रायटेरियन' हे एकवचन जिवंत आहे, रोजच्या वापरात आहे, आणि 'क्रायटेरिया'ला सगळं शिकलेलं जग अनेकवचन समजतं, म्हणून 'क्रायटेरिया आर'. हा निकाल इंग्रजीनं दिलेला आहे, ग्रीकनं नाही. माझ्या सगळ्या लेखात एवढंच म्हटलेलं होतं.

आता त्या वाक्याकडे येते. 'ज्यांना लॅटिनचा गंध नाही.'

1991 साली एका कॉलेजात मी मुलाखतीला गेले होते. कॉलेजाचं नाव लिहीत नाही. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, पलीकडे चौघे जण. त्यांच्यातल्या एकांनी बशीत चहा ओतता ओतता विचारलं, सिलॅबसचं अनेकवचन सांगा. मी म्हटलं, 'सिलॅबसेस'. बशी तशीच हातात धरून ते शेजाऱ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, 'सिलॅबाय म्हणतात हो त्याला. तुमच्याकडे तालुक्याला हे शिकवत नाहीत वाटतं.' चौघेही हसले. पुढचा एकही प्रश्न मला आठवत नाही. एस.टी.च्या खिडकीशी बसून घरी येताना मात्र तो एक शब्द डोक्यात फिरत राहिला. नोकरी अर्थातच मिळाली नाही.

त्याच दिवाळीत पुण्याला गेले तेव्हा अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत लॅटिनचं एक शालेय व्याकरण मिळालं. पाठीचा पुठ्ठा गेलेला, आधीच्या मालकानं कडेला पेन्सिलीनं रूपं लिहिलेली. दोन वर्षं रोज रात्री भांडी आवरली की ते घेऊन बसायचे. संस्कृत झालेलं होतं, त्यामुळे विभक्ती पाहून घाबरले नाही. 'डेटम' म्हणजे 'दिलेलं', आणि त्यातला धातू आपल्या 'दा'चा सख्खा भाऊ. 'डेटम' आणि 'दत्तम्' शेजारी शेजारी लिहून पाहिले त्या रात्री मला झोप आली नव्हती. वेदांत नपुंसकलिंगाचं अनेकवचन 'भुवना', 'विश्वा' असं आकारान्त येतं, तोच आकार 'डेटा'च्या शेवटी आहे. हे मला कुठल्या वर्गात कोणी शिकवलेलं नाही. हे माझं मी मिळवलेलं आहे. म्हणून गंधाची गोष्ट माझ्याशी बोलू नका.

आणि त्या सिलॅबसची हकिगत अशी. प्राचीन रोममधला लेखक सिसेरो यानं आपला मित्र ॲटिकस याला लिहिलेल्या पत्रांत पुस्तकांच्या गुंडाळ्यांना लावायच्या नावाच्या पट्ट्यांसाठी 'सिटिबा' असा ग्रीकवरून घेतलेला शब्द आहे. पंधराव्या शतकात ती पत्रं छापली गेली तेव्हा त्या शब्दाचं चुकीचं वाचन होऊन भलताच शब्द छापला गेला, आणि त्यातून 'सिलॅबस' जन्माला आला. म्हणजे जुन्या रोमन माणसाला 'सिलॅबस' हा शब्दच ठाऊक नव्हता. मग 'सिलॅबाय' हे त्याचं खरं, शुद्ध, खानदानी अनेकवचन कुठून येणार? इंग्रजीत आज दोन्ही रूपं चालतात आणि 'सिलॅबाय' लिहिणाऱ्याला मी चूक म्हणत नाही. पण 'सिलॅबसेस'ला हसणाऱ्यानं कशाच्या जोरावर हसायचं, हे मला तेव्हाही कोणी सांगितलं नाही आणि आज आपणही सांगितलेलं नाही.

शब्दाच्या शेवटी 'अस' दिसलं की 'आय' लावायचा, हा नियमही लॅटिनचा नव्हे. 'स्टेटस', 'प्रॉस्पेक्टस', 'ॲपरेटस' हे वेगळ्या गणातले शब्द; त्यांचं लॅटिन अनेकवचनही 'अस'च राहतं, फक्त उकार दीर्घ होतो. संस्कृतात 'मनस्' आणि 'चंद्रमस्' दोन्ही सकारान्त, पण एकाचं 'मनांसि' होतं आणि दुसऱ्याचं 'चन्द्रमसः'. शेपूट पाहून रूप चालवता येत नाही, हे आपल्याकडे आठवीतल्या मुलालाही शिकवतात. 'ऑम्निबस' तर नामाची प्रथमाच नाही, ती चतुर्थी आहे, 'सगळ्यांसाठी'. त्या 'सगळ्यांसाठी'चा नुसता प्रत्यय तोडून जगानं 'बस' केली. 'व्हायरस'चं अनेकवचन जुन्या लॅटिन लिखाणात सापडतच नाही, कारण तिथे त्याचा अर्थ विष, आणि विष मोजत नाहीत. काही जण हौसेनं 'व्हिरी' लिहितात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'पुरुष' असा आहे.

आता डेटम. आपण मला तो शब्द शिकवायला निघालात म्हणून सांगते, हा शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकते आहे. माझे वडील पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. कालव्याचं काम चाललं की सुट्टीत मी त्यांच्याबरोबर साइटवर जायची. खलाशी, म्हणजे मोजणीतला मदतनीस, आकड्यांची लांब पट्टी, स्टाफ, धरून उभा, बाबा डंपी लेव्हल या उंची मोजायच्या दुर्बिणीच्या भिंगाला डोळा लावून आकडा सांगायचे, आणि तो लेव्हल बुकात उतरायचा. त्या वहीचे रकाने मला अजून पाठ आहेत: बॅक साइट, इंटरमीजिएट साइट, फोर साइट, राइज, फॉल, आर.एल. (म्हणजे त्या जागेची उंची), रिमार्क. सुरुवातीला एका दगडावर खूण करून तिथली उंची शंभर धरायची, की त्या कामापुरता शून्य कुठे ते ठरलं. त्याला बाबा डेटम म्हणत. दोन कामांना दोन वेगळे डेटम धरलेले असले की ती दोन्ही कामं जोडताना ताळा बसायचा नाही, आणि बाबा रात्री कंदील मोठा करून बसायचे. त्यांच्या इंग्रजी टिपणात अशा वेळी 'बोथ डेटम्स' असं लिहिलेलं असे. जगभरचे सर्व्हेवाले, नकाशावाले आणि यंत्रांची ड्रॉइंग काढणारे आजही 'डेटम्स'च लिहितात. आपल्या नियमानं ते सगळे चूक. एखाद्या सर्व्हेअरनं दोन डेटमना 'डेटा' म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटेल की मोजणीचे आकडे आले.

म्हणजे 'डेटम' हा शब्द सर्व्हेच्या कामाला लागला आणि त्यानं तिथे आपलं इंग्रजी अनेकवचन घेतलं. इकडे 'डेटा' माहितीच्या अर्थानं मोठा झाला आणि त्याचं एकवचन मागे राहून गेलं. 'बॅक्टेरियम' तसं मागे राहिलेलं नाही. जीवशास्त्राच्या पुस्तकात एका पेशीबद्दल बोलताना तो शब्द लागतोच, म्हणून 'धिस बॅक्टेरिया' मी खोडते. 'आय ॲम ॲन अलम्नाय' खोडते. मुलगा असेल तर 'अलम्नस', मुलगी असेल तर 'अलम्ना'. काहीही चालतं असं मी म्हणत नाही, कधीच म्हटलेलं नाही, आणि लेख नीट वाचला असतात तर ते दिसलं असतं.

डेटाची परीक्षा सोपी आहे. मोबाइलचं पॅक संपत आलं की माणूस इंग्रजीत काय विचारतो? 'हाऊ मच डेटा इज लेफ्ट'. 'हाऊ मेनी डेटा आर लेफ्ट' असं विचारणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. 'सतरा डेटा' असंही कोणी म्हणत नाही. पाणी, वाळू, माहिती यांच्यासारखा तो न मोजायचा शब्द झालेला आहे. शब्दकोश उघडा म्हणालात, उघडला. मेरियम-वेबस्टर दोन्ही वापर प्रमाण मानतो. मानसशास्त्राच्या शोधनिबंधांसाठी वापरली जाणारी एपीए शैली 'डेटा आर'च मागते, आणि तिथे लिहिणाऱ्यानं तेच लिहावं. मीही एका ओळखीच्या मुलीच्या प्रबंधात तसंच करून दिलं आहे. मतमतांतराला जागा नाही, असं आपण कशावरून म्हणता?

ही गोष्ट मराठी माणसाला तरी नवी वाटू नये. 'अहवाल' हा शब्द घ्या. अरबीत 'हाल' म्हणजे स्थिती, आणि 'अहवाल' हे त्याचं अनेकवचन. आपण 'समितीनं अहवाल सादर केला' म्हणतो, 'केले' म्हणत नाही, आणि दोन असले तर 'दोन अहवाल' म्हणतो. 'उमराव' हे अमीरचं अनेकवचन, पण मराठीत एक उमराव असतो. 'औलाद' तसाच, 'तवारीख' तसाच. कोणी अरबी जाणणारा उद्या येऊन 'अहो साहेब, हाल सादर करा, अहवाल कसला' म्हणाला तर आपण काय उत्तर द्याल? तेच उत्तर इंग्रजी माणूस आपल्याला 'डेटा'बद्दल देतो आहे.

आणि 'अजेंडा'. हा शब्द आपणच वापरला आहे, 'अजेंडा काय', एकवचनी. लॅटिनमध्ये ते अनेकवचन आहे, 'करायच्या गोष्टी', एकवचन 'अजेंडम'. आपल्या नियमानं आपलंच वाक्य चुकलं. माझ्या नियमानं ते बरोबर आहे, कारण इंग्रजीत आणि तिथून मराठीत तो शब्द एकवचनी होऊन कितीतरी काळ लोटला. आपल्या वाक्याला वाचवायचं असेल तर माझी बाजू घ्यावी लागेल.

परीक्षेतल्या गुणांचा मुद्दा मी इथे घेत नाही. तो परीक्षकांचा विषय आहे आणि लेख त्याबद्दल नव्हता.

लेखामागे काय आहे असं आपण विचारलंत. लेखामागे तो हिरव्या कापडाचा टेबल आहे. मुलाखतीला बसलेल्या पोरीला 'सिलॅबसेस' म्हटल्याबद्दल कोणी हसू नये, आणि कोणी हसलंच तर तिच्याजवळ उत्तर असावं, म्हणून मी लिहिते. डेटाचा परिच्छेद मी बदललेला नाही आणि बदलणार नाही. आपल्याकडे यावर आणखी काही असेल तर जरूर लिहा, मी वाचेन आणि उत्तरही देईन. फक्त नाव घालून लिहा, आणि सुरुवात नुसत्या 'बाई' अशी करा.