आळस, पडीक मळे आणि नेपाळी गडी : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. छोटं उत्तर देऊन भागणार नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, मी लिहिलं होतं की रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर-लांजा पट्ट्यातले पडीक मळे हा एकेका घराचा प्रश्न नाही, त्यामागे कित्येक पिढ्यांचा इतिहास आहे. दादांचं म्हणणं की हे सगळं समाजावर ढकलणं झालं, आमची पोरं आळशी झालीत हे सरळ बोला ना, नेपाळहून माणूस येऊन आपल्या आंब्याच्या कलमांची राखण करतो, बोटीवर खलाशी म्हणून जातो आणि आपला पोरगा नाक्यावर मोबाईल बघत बसतो. शिवाय त्यांनी चुलतभावाचं उदाहरण दिलंय, तीच वाडी, तसलाच कातळ, तरी त्याने काजूची बाग उभी केली.

नाक्यावरची पोरं मलाही दिसतात, आणि दारूचं तर बोलायलाच नको. आळशी माणूस नसतोच असं मी कुठेच म्हटलेलं नाही. प्रश्न वेगळा आहे. सी. राइट मिल्स नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५९ साली एक साधी कसोटी मांडली, एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचा स्वभाव बघा, त्याचं कौशल्य बघा, पण ५ कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर एकेकाचा स्वभाव तपासून काही हाती लागणार नाही, तिथे कामधंद्याची घडीच विस्कटलेली असते. आता आपल्याकडे बघा. २००१ ते २०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली आणि त्याच काळात रत्नागिरी जिल्ह्याची जवळपास १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गचीही घटली. शेजारशेजारचे दोन जिल्हे एकाच दहा वर्षांत आळशी झाले म्हणून रिकामे झाले हे मला पटत नाही.

आणि हीच माणसं मुंबईत काय करत होती? गिरण्यांमध्ये पिढ्यानपिढ्या राबली, रात्रपाळ्या केल्या, गावकीच्या, म्हणजे गावाने मिळून घेतलेल्या, खोलीत पाळीपाळीने झोपली, एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पडायची. तेव्हा कुणी त्यांना आळशी म्हटलं नाही. माणूस तोच, मुंबईत कष्टाळू आणि गावात आळशी, तर मग फरक माणसात शोधायचा की जिथे तो काम करतोय तिथल्या परिस्थितीत?

नेपाळी गड्याचंही तेच. तो कष्टाळू आहे यात वादच नाही, पण तो स्वतःची शेती सोडून एवढ्या लांब का आला हे तुम्ही त्याला विचारलंय का? त्याच्या गावीही मळे ओस पडतायत, तिथेही बायका-म्हातारी माणसंच मागे राहिलीत. आपला चाकरमानी मुंबईत जसा गेला तसाच तो इकडे आलाय, घर चालवायला रोख पैसा लागतो म्हणून.

बायकांवरून आठवलं, २०११ ला रत्नागिरीत १००० पुरुषांमागे ११२२ बाया होत्या. पुरुष बाहेर गेले म्हणून हा आकडा तसा आहे. भाताचा तरवा (रोपं) काढणं, लावणी, गुरांचं बघणं हे सगळं ज्यांनी रेटलं त्या या बाया, आणि 'कोकणी माणूस आळशी' म्हणताना त्यांना कुणी धरतच नाही, याचा मला खरंच राग येतो.

आता तुमचा चुलतभाऊ. एप्रिलच्या उन्हात कातळात खड्डे मारून वरनं माती आणून भरणं काय असतं हे मला माहीत आहे, त्याच्या मेहनतीला मी मनापासून मानतो. पण तुमच्याच कमेंटमध्ये लिहिलंय की काका एसटीत होते, रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातनं बोअर मारली, आणि त्यांची वाटणी आजोबा असतानाच झाली होती. म्हणजे पाणी, भांडवल आणि स्वतःच्या नावावरचा सातबारा, हे तिन्ही त्याच्याकडे आधीपासून होतं.

माझ्या वाडीतला एक सातबारा सांगतो. वीस-बावीस गुंठ्यांचा तुकडा आणि नावं छत्तीस, त्यातली कित्येक माणसं वारलेली, वारस लागलेले नाहीत, काहीजण नालासोपाऱ्याला, कुणी दिव्याला, एकाचा तर पत्ताच नाही. कसायला तयार असलेला एकच पोरगा. सरकारी योजनेतनं कलमं लावायची तर सामायिक खातेदारांची संमतीपत्रं आणा, बँकेत गेलं तरी तेच. दोन पावसाळे तो फिरला, मग लोट्याला एमआयडीसीतल्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर लागला. त्याचा मळा आज पडीक आहे आणि रस्त्यावरनं जाणारा म्हणणार, बघा, शेती करायला नको यांना.

ही छत्तीस नावं राहिली कशी, तर गिरणीची नोकरी कधीच भरवशाची नव्हती. आजारपण आलं, टाळेबंदी झाली, १९८२ च्या संपात तर अडीच लाख कामगार घरी बसले, अशा वेळी पाठ टेकायला गावची जमीनच होती. म्हणून मुंबईत जन्म गेला तरी सातबाऱ्यावरचं नाव कुणी कमी करू दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं त्यांच्या जागी. त्या काळी ज्या नावाने आजोबांना तारलं तेच नाव आज नातवाची वाट अडवतंय. यात दोष कुणाच्या माथी मारणार?

तुम्ही म्हणाल मग करायचं काय. पोरांना आळशी म्हणून सोडून दिलं तर ग्रामसभेत भाषणापलीकडे काही होणार नाही. पण अडचण वाटपाची आहे हे मान्य केलं तर कामाला लागता येतं, तहसीलदारांकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली जमिनीचं वाटप मागता येतं, गणपतीला सगळे चाकरमानी गावात असतात तेव्हा वाडीची बैठक लावून वारसनोंदीचे कागद गोळा करता येतात. तुमच्या चुलतभावाच्या वेळी आजोबांनी वाटप नेमकं कसं केलं, तोंडी की रजिस्टर, मोजणी आणली होती का, हे जमलं तर इथेच लिहा, आमच्या वाडीला त्याचा उपयोग होईल.