काढून ठेवलेलं आईचं दूध ‘विष’ होत नाही

ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आईनं काढून ठेवलेलं दूध अर्ध्या तासात नासतं. फ्रीजमध्ये ठेवलं की त्यातलं सत्त्व जातं आणि बाळाला ते विषासारखं बाधतं. दूध पाणचट किंवा फाटल्यासारखं दिसलं तर ओतून द्यावं. द्यायचंच झालं तर गॅसवर उकळून द्यावं, कारण गार दुधानं कफ होतो. आणि एवढ्या भानगडीपेक्षा डब्यातली पावडर बरी. खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा’.

पोहोचतोय तो. शहराच्या लश्कर भागातल्या घरांत बाळंतिणींना भेटायला जाते तेव्हा सासूबाई स्वतःचा फोन पुढे करून विचारतात, “हे खरं का हो?” त्यांना नातवंडाची काळजी असते, म्हणून त्या विचारतात. उत्तरही तितक्याच काळजीनं द्यायला हवं, कारण या मेसेजमुळे होणारं नुकसान खरं आहे. २०१७ पासून नोकरदार आईला २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा मिळते, पण त्यातले ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. ज्या मुलींना ते घ्यावे लागले, त्या कामावर रुजू होतात तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या, असं सगळे डॉक्टर सांगतात. मग मधले दोन महिने, ऑफिसच्या वेळेत, बाळानं काय प्यायचं? दूध काढून ठेवणं हाच त्यावरचा उपाय, आणि हा मेसेज नेमका त्याच्यावरच घाव घालतो.

अर्ध्या तासात नासतं, हे साफ चूक. साबणानं धुतलेल्या हातांनी, स्वच्छ भांड्यात काढलेलं ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास उत्तम राहतं. गाईच्या दुधाचा अनुभव इथे लावू नये. आईच्या दुधात जिवंत पेशी, प्रतिपिंडं, लॅक्टोफेरिन, लायसोझाइम असतात. बाळाच्या पोटात जंतूंशी लढणारी ही मंडळी वाटीतही काही तास जंतूंना वाढू देत नाहीत.

पण २५ अंश हा आकडा ग्वाल्हेरमध्ये वाचताना सावध राहायला हवं, आणि मेसेज खोडून काढताना आपल्याकडूनही इथेच चूक होण्याची शक्यता आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो. कूलर लावलेल्या खोलीतसुद्धा दुपारी २५ अंश नसतात. त्यामुळे एप्रिल ते जून ४ तासांचा हिशोब धरूच नका. दूध काढलं की लगेच फ्रीजमध्ये. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, तेच दूध ओट्यावर ४ तास निर्धास्त राहील.

आणि ऑफिसात? बाडा या शहराच्या मुख्य चौकाजवळ नोकरी करणारी एक मुलगी जेवणाच्या डब्याची जाड अस्तराची पिशवी वापरते. तळाला एक गोठवलेला आइस पॅक, त्यावर घट्ट झाकणाची काचेची बाटली उभी, तिच्या अंगाला चिकटून दुसरा पॅक, आणि वरची फट सुती नॅपकिननं दाबून बंद. चेन दिवसभर उघडायची नाही, फक्त बाटली ठेवतानाच. अशा पिशवीत, पॅक गोठलेले असतील तर, दूध २४ तासांपर्यंत टिकतं. संध्याकाळी ई-रिक्षातून उन्हाच्या झळा खात घरी येईपर्यंत बाटली हाताला गारच लागते.

आता फ्रीजचं ‘विष’. फ्रीज दुधात काहीच घालत नाही, तो फक्त जंतूंची वाढ मंदावतो. ४ अंशांच्या आसपास ताजं दूध ४ दिवस चांगलं राहतं. वेगळ्या दाराच्या, उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये ६ महिने. पण आपल्याकडच्या बऱ्याच घरांत एकाच दाराचा फ्रीज असतो, बर्फाचा कप्पा आतच. तिथलं तापमान दार उघडलं की हलतं, म्हणून तिथे साधारण २ आठवड्यांपलीकडे ठेवू नये. फ्रीजरमध्ये काही जिवंत पेशी मरतात, क जीवनसत्त्वही थोडं घटतं, हे मान्य. बाकीचं पोषण आणि बरीचशी संरक्षक द्रव्यं टिकतात. ‘सत्त्व जातं’ म्हणण्याइतकं काही होत नाही.

जागा मात्र महत्त्वाची. दाराच्या कप्प्यात, कोथिंबीर आणि पाण्याच्या बाटल्यांशेजारी ठेवू नका. दर दहा मिनिटांनी कोणीतरी पाणी काढतं आणि दूध गरम-गार होत राहतं. मागच्या भिंतीजवळ, झाकण घट्ट, वर तारीख आणि वेळ. बाळ एका वेळी पितं तेवढंच, ६० ते १२० मिली, एका बाटलीत. फ्रीजरमध्ये ठेवायचं तर बाटली काठोकाठ भरू नका, गोठताना दूध फुगतं. ताजं कोमट दूध आधीच्या गार दुधात थेट ओतू नका, ते आधी गार होऊ द्या. जुनी तारीख आधी वापरा.

लाइट गेली तर घाबरून सगळं ओतून देतात, तेही नको. दार बंद ठेवलं तर फ्रीज साधारण ४ तास गार राहतो. फ्रीजरमधल्या दुधात बर्फाचे कण शिल्लक असतील तर ते पुन्हा गोठवता येतं. पूर्ण वितळलं असेल पण गार असेल तर खालच्या कप्प्यात ठेवा आणि २४ तासांत संपवा, ते परत गोठवू नका.

एक अपवाद ठळकपणे सांगते. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, नवजात अतिदक्षता विभागात असेल किंवा आजारी असेल, तर हे आकडे त्याला लागू नाहीत. तिथे वॉर्डातल्या सिस्टर आणि डॉक्टर सांगतील तेच.

रंग आणि रूप यावर फार बोलायला नको. काढलेल्या दुधावर साय वेगळी होते, खाली निळसर पातळ थर राहतो. दूध फाटलेलं नसतं, बाटली हलके गोल फिरवली की एकजीव होतं. फ्रीजमधल्या दुधाला कधी साबणासारखा वास येतो. तो लायपेज या पाचक द्रव्यामुळे येतो, बाळाला अपाय करत नाही. आंबूस, खरोखर नासका वास आला तरच टाका.

उकळण्याच्या सल्ल्यानं मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण तो मायेनं पाळला जातो. आजी पातेल्यात दूध ओततात, ऊत येईपर्यंत तापवतात, फुंकर मारून निववतात आणि समाधानानं नातवाला पाजतात. गाईम्हशीचं दूध उकळायलाच हवं, पिढ्यान्‌पिढ्या तेच केलं आणि बरोबर केलं. पण इथे उकळी येते तोवर आईनं बाळासाठी पाठवलेली प्रतिपिंडं, लॅक्टोफेरिन आणि चरबी पचवणारं लायपेज, सगळं निकामी झालेलं असतं. ‘दुधाच्या बँकेतही तापवतातच ना’ असं कोणी म्हणेल. हो, मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली देशातली पहिली दूधपेढी सुरू झाली, आणि दूधपेढ्यांत दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं ठेवतात. ते दूध दुसऱ्या आईचं असतं आणि अशक्त बाळांना द्यायचं असतं, म्हणून संसर्ग टाळण्यासाठी मोजूनमापून तापवतात. स्वतःच्या आईच्या दुधाला त्याची गरज नाही.

मायक्रोवेव्हही नको. दूध वर कोमट लागतं आणि मध्येच एखादा घोट जीभ भाजण्याइतका गरम असतो.

कोमट करायची रीत सोपी आहे. एका भांड्यात हाताला सोसेल इतपत गरम पाणी घ्या, गॅस बंद. त्यात दुधाची बंद बाटली उभी ठेवा, पाणी झाकणापर्यंत येऊ देऊ नका. काही मिनिटांनी कडेला चिकटलेली साय सुटायला लागते. बाटली हळूच फिरवा, दोन थेंब मनगटाच्या आतल्या बाजूवर टाका. थेंब ना गरम ना गार, पडल्याचं जेमतेम कळावं, तेवढं पुरे. फ्रीजरमधलं दूध आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवून ठेवा, म्हणजे सकाळी घाई होत नाही. एकदा कोमट केलेलं दूध २ तासांत संपवायचं. बाळाचं तोंड लागलेलं उरलं तर तेही तेवढ्याच वेळात, नंतर टाकून द्यायचं. इथे मात्र जीव तुटला तरी टाकाच.

गार दुधानं कफ होत नाही, सर्दी विषाणूंनी होते. पूर्ण दिवसांचं निरोगी बाळ थेट फ्रीजमधलं दूध प्यायलं तरी चालतं. अनेक बाळांना कोमटच आवडतं, म्हणून आपण कोमट करतो.

राहता राहिली पावडर. ज्या बाळाला खरंच गरज आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, त्याला ती द्यावी, त्या आईला कोणी बोल लावू नये. पण ‘टिकाऊ आणि सुरक्षित’ म्हणून सुचवणं चुकीचं. पावडर निर्जंतुक नसते, तिच्यात क्रोनोबॅक्टरसारखे जंतू असू शकतात. म्हणून किमान ७० अंशांच्या पाण्यात ती कालवायला सांगतात. एकदा कालवली की बाहेर २ तास आणि फ्रीजमध्ये २४ तास, एवढंच तिचं आयुष्य. आईचं दूध बाहेर ४ तास आणि फ्रीजमध्ये ४ दिवस. टिकण्याच्या कसोटीवरसुद्धा आईचंच दूध वरचढ आहे.

आणखी एक गोष्ट, मेसेज पुढे पाठवणाऱ्यांसाठी. बाळांच्या दुधाची पावडर आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे. जे दुकानदारालाही करता येत नाही, ते आपण घरच्या ग्रुपवर फुकटात करतोय. बाटलीही लागत नाही. आई ऑफिसला गेल्यावर आजीनं वाटी-चमच्यानं किंवा घरातल्या जुन्या बोंडल्यानं, म्हणजे चोचीच्या छोट्या भांड्यानं, पाजलं तरी बाळ छान पितं. बोंडलं मात्र प्रत्येक वेळी साबणानं घासून, उकळत्या पाण्यात घालून घ्यायचं. उकळायचंच असेल तर ते उकळा.