हिस्लॉप साहेबांबद्दलचा तो मेसेज चुकीचा आहे

"1883 साली नागपुरात कॉलेज काढणारे इंग्रज कलेक्टर हिस्लॉप" असा मेसेज नागपूरजवळच्या टाकळघाट-बोरीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. परवा मीही तो पुढे पाठवला, माफी असावी.

स्टीफन हिस्लॉप कलेक्टर नव्हते. ते स्कॉटलंडहून 1845 मध्ये नागपुरात आलेले मिशनरी शिक्षक. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. 4 सप्टेंबर 1863 ला आपल्याच टाकळघाटची दगडी वर्तुळं (प्राचीन दफनाच्या जागा) पाहून घोड्यावरून परतताना, अंधारात, पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. जॉर्ज स्मिथ यांनी 1888 मध्ये लिहिलेल्या चरित्राच्या नावातच त्यांच्या भारतातल्या कामाचा काळ '1844 ते 1863' असा दिला आहे. कॉलेज निघालं ते त्यानंतर 20 वर्षांनी, त्यांची आठवण म्हणून.

आपल्या शिवारात जीव गेलेल्या गुरुजींची ओळख तरी नीट सांगू या. जुना मेसेज थांबवा; पाठवला असेल तिथेच हा खुलासा टाका.