अचानक संपाची पूर्वतयारी

एसटीचा संप सणाच्या तोंडावरच का होतो, हा प्रश्न तुम्हाला दर वेळी नव्याने पडला पाहिजे. ऑक्टोबर 2017 मध्ये ऐन दिवाळीत चार दिवस गाड्या बंद राहिल्या, 2021 साली ऑक्टोबर सरता सरता पुन्हा दिवाळीच्याच तोंडावर त्या बंद पडू लागल्या आणि 3 सप्टेंबर 2024 रोजी, गणपती अवघ्या चार दिवसांवर आले असताना, संपाचे निशाण पुन्हा फडकले. तरीही पुढच्या खेपेला एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात मोदकांचा साचा घेऊन तुम्ही स्थानकात शिराल, तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर पहिल्या वेळचे तेच निर्मळ आश्चर्य उमटायला हवे. असे आश्चर्य आपोआप टिकत नाही, त्याची निगा राखावी लागते. ती कशी राखावी, एवढेच सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

सर्वांत मोठा धोका सूचनाफलकाचा असतो. सार्वजनिक उपयोगितेच्या सेवेत संप करायचा तर किमान 14 दिवस आधी नोटीस द्यावी, असा दंडक 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने घालून दिला आणि त्यामुळे अचानक या शब्दाची पंचाईत करून ठेवली. अशी नोटीस संघटना देतात, तिची प्रत आगाराच्या फलकावर चिकटवतात, आणि तो फलक बहुधा नेमका वेळापत्रकाच्या शेजारी असतो. काच फुटलेली, आत एका बाजूला हरवलेल्या पाकिटाची सूचना, दुसऱ्या बाजूला शिकवणीवर्गाची जाहिरात आणि मधोमध शिक्का मारलेला, पावसाने कडा वळलेला एक कागद. त्यावर ‘विषय’ या शब्दापुढे ‘प्रलंबित मागण्यांबाबत’ असे टंकलेले. तुमची नजर आपल्या गाडीची वेळ शोधत त्या कागदावरून सरकेल, तेव्हा ती तशीच पुढे जाऊ द्यावी. ‘प्रलंबित’ हा शब्द वाचलात, तर हे प्रकरण कधीपासून लोंबकळते आहे असे कुतूहल जागे होण्याची भीती असते, आणि कुतूहल व संताप एका माणसात फार काळ एकत्र नांदत नाहीत.

संघटना नेहमीच कायद्याच्या अक्षराला धरून चालतात असे मात्र नाही, आणि हे तुमच्या पथ्यावर पडणारे आहे. जून 2018 मध्ये 4,849 कोटी रुपयांच्या वेतनवाढीची घोषणा झाल्यावर ती मान्य नसलेल्या कर्मचाऱ्यांनी कोणतीही घोषणा न करता गाड्या उभ्या केल्या होत्या. हा दाखला तोंडपाठ करावा आणि प्रत्येक संपाला तोच लावावा. 2024 च्या आंदोलनाची तारीख आधीच जाहीर झाली होती, असे कोणी मध्येच म्हणाले तर त्याला तो कोणत्या संघटनेचा आहे, असे विचारावे. तो कोणत्याच संघटनेचा नसेल, तर त्याला गप्प करणे आणखी सोपे जाते.

मागण्यांच्या बाबतीत एकच शब्द पुरतो, तो म्हणजे पगारवाढ. त्याहून खोलात शिरणे प्रकृतीला बरे नव्हे. 2021 च्या संपात विलीनीकरण म्हणजे एसटी कामगारांना राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा दर्जा, ही मुख्य मागणी होती आणि तिच्या योग्यायोग्यतेवर शहाण्या माणसांत प्रामाणिक मतभेद होते. परंतु त्या वादात तुम्ही पडलात की त्या नोव्हेंबरमध्ये सरकारने पुढे केलेला प्रस्ताव वाचावा लागतो. त्यात एक ते दहा वर्षे नोकरी झालेल्यांच्या मूळ वेतनात 5,000 रुपयांची वाढ होती, आणि दरमहा 10 तारखेच्या आत पगार होईल, अशी हमीही होती. पगार वेळेवर होईल हे सवलत म्हणून जाहीर करावे लागते, याचा अर्थ काय, असा विचार तुमच्या मनात क्षणभर जरी आला, तरी त्या दिवसाचा तुमचा संताप फुकट गेला असे समजा. तेव्हा वाढीची टक्केवारी तेवढी लक्षात ठेवावी. 41 टक्के हा आकडा ऐकायला भरघोस वाटतो. तो कशावर मोजला, हे कोणी विचारत नाही.

आता राग कोणावर काढावा, हा प्रश्न. महामंडळाचे संचालक, खात्याचे मंत्री, वित्त विभागाचे सचिव यांपैकी कोणीही फलाट क्रमांक 4 वर उभे नसते. तेथे खाकी कपड्यातला एक माणूस उभा असतो, म्हणून तोच जबाबदार. तो संपात आहे की नाही, हेही पाहण्याचे कारण नाही. उलट तो कामावर हजर असेल आणि चौकशीच्या खिडकीत बसून तुम्हाला उत्तर देत असेल, तर त्याच्यावर ओरडणे अधिक सोयीचे, कारण संपकरी आगाराच्या फाटकाबाहेर मांडवात बसलेले असतात आणि ते संख्येने जास्त असतात.

या खाकी माणसाविषयी एक गोष्ट मात्र चुकूनही आठवू नका, ती म्हणजे मुक्कामी गाडी. रात्री नऊच्या सुमाराला ही गाडी शेवटच्या गावात पोहोचते. चालक आणि वाहक देवळाच्या ओसरीवर, शाळेच्या व्हरांड्यात किंवा गाडीतल्याच दोन आडव्या बाकांवर अंग टाकतात. वाहकाच्या उशाखाली दिवसभराच्या भरण्याची पैशांची पिशवी असते, त्यामुळे त्याची झोप सावध. पहाटे साडेपाचला हापशावर तोंड धुऊन दोघे गाडी काढतात, कारण साडेसहाची वेळ चुकली तर तालुक्याच्या दवाखान्यात नंबर लावायला निघालेल्या म्हातारीचा दिवस वाया जातो. तुम्ही त्या गाडीने लहानपणी गेला असाल तर ती आठवण सुट्टीतल्या गावाच्या आठवणींच्या कप्प्यात ठेवा आणि संपाच्या कप्प्याला कुलूप घाला.

‘संपाला आमचा विरोध नाही, पण...’ हे वाक्य तुमच्या ओठावर सतत तयार असावे. पणच्या पुढे काय म्हणायचे ते ऋतुमानाप्रमाणे बदलते. आषाढीला वारकऱ्यांचे हाल, जूनमध्ये शाळकरी मुलांचे, एप्रिल-मे महिन्यांत लग्नाच्या वऱ्हाडाचे, मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षार्थींचे. कर्मचाऱ्यांनी लोकभावनेचा आदर राखून संप करायचाच असेल तर श्रावणातला एखादा मंगळवार निवडावा, दुपारी दोन ते अडीच, जोराचा पाऊस असताना. अर्थात त्या दिवशी मंगळागौरीला निघालेल्या माहेरवाशिणींचे काय, हा प्रश्न उरतोच. शिवाय काळ्या फिती लावून काम करणे, फाटकासमोर धरणे धरणे, निवेदन देणे असे कोणाच्याही गैरसोयीचे नसलेले मार्ग उपलब्ध असताना संप कशासाठी? ते मार्ग याआधी अवलंबले गेले होते का, हे तुम्हाला ठाऊक असण्याचे कारण नाही, कारण त्या दिवशी तुमची गाडी वेळेवर आली होती.

पर्यायी व्यवस्थेकडे उदार मनाने पाहावे. खासगी बसने एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेऊ नये, असा शासननिर्णय एप्रिल 2018 पासून अस्तित्वात आहे, पण सणाच्या आदल्या रात्री तिप्पट भाडे सांगणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या माणसाशी तुम्ही कायद्याच्या गोष्टी करू नयेत. तो व्यवसाय आहे. तिप्पट भाडे मुकाट्याने मोजून, खिडकीजवळची जागा मिळाल्याबद्दल त्याचे आभार मानून, मग पडदा सरकवून ‘या एसटीवाल्यांनी लुटायचे ठेवले आहे’ असे शेजाऱ्याला सांगावे. अत्यावश्यक सेवेतला संप रोखणारा मेस्मा कायदा लावा, सगळ्यांना घरी बसवा, अशी मागणीही येथेच करावी, कारण जागा वातानुकूलित असते. मेस्मा लावून चालक घरी बसवल्यावर गाडी कोण चालवणार, हा तपशील प्रशासनाने पाहावा.

एक पथ्य शेवटी, आणि ते सर्वांत कठीण. तुमचा राग सुट्टीच्या मुदतीइतकाच टिकला पाहिजे. 2021 चा संप दिवाळी आटोपल्यावर संपला नाही. तो हिवाळाभर चालला, हजारो माणसे निलंबित आणि बडतर्फ झाली, आणि अखेर उच्च न्यायालयाने 22 एप्रिल 2022 पर्यंत कामावर रुजू होण्याची मुदत दिली. या साडेपाच महिन्यांत ज्यांच्या दारात दुचाकी नव्हती, त्यांचे काय झाले हे बातम्यांच्या पहिल्या पानावरून कधीच खाली घसरले होते. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो; गाडीच नसेल तर तो पास दप्तरात राहतो आणि मुलगी घरी, कारण वडापच्या जीपमध्ये पंधरावी म्हणून बसायला आई पाठवत नाही. ‘वाट पाहीन, पण एसटीनेच जाईन’ हे वाक्य शहरातल्या गाडीवर रंगवलेले असते, पाळावे लागते ते तिला. तिच्या नावाने कळवळायचे, ते फक्त संपाच्या पहिल्या आठवड्यात. नंतर ती फेरी उत्पन्न कमी म्हणून कायमची बंद झाली, तरी त्याला कोणी संप म्हणत नाही, त्यामुळे चिडण्याचे बंधन नाही.

संप मिटतो तेव्हाही गाफील राहू नये. 2024 मध्ये दुसऱ्याच रात्री मूळ वेतनात 6,500 रुपयांची वाढ जाहीर झाली आणि चाकरमानी कोकणात वेळेवर पोहोचले. अशा वेळी गाडी फलाटाला लागताच खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरावी, दोघांच्या बाकावर पिशवी ठेवून तिसऱ्याला ‘माणूस आहे’ असे सांगावे आणि वाहक जवळ आला की 15 रुपयांच्या तिकिटासाठी 500 ची नोट पुढे करत मोठ्या मनाने विचारावे, ‘काय मास्तर, मिळाली ना एकदाची पगारवाढ?’ तो ‘सुट्टे द्या’ म्हणेल.